निसटलेली चौथी ओळ

तीर्थरूप रोसाउरा मावशीस,

कोर्दोबाहून एवारिस्तोचा गालाला गाल लावून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? कोंबड्या घालतायत ना अंडी? मी ठणठणीत आहे.

भाचा अणुबॉम्ब बनवतो असं तू गावभर सांगतेस म्हणे. अगं, मी गणिती भौतिकशास्त्रज्ञ. निसर्गाचे नियम गणितात बसतात का, ते कागदावर तपासायचं. त्याला वही, पेन्सिल आणि थर्मासभर आपला कडू माते-चहा पुरतो. (प्रयोगशाळेत मला बल्बलाही हात लावू देत नाहीत. दोनदा फ्यूज उडालाय.)

तर मंगळवारी कायमच्या प्राध्यापकपदाची परीक्षा झाली. अकरा वर्षं मी हंगामी मास्तर. जागा एक, उमेदवार दोन: मी आणि माझीच जुनी विद्यार्थिनी ग्रिसेल्दा. दोन दिवस आधी चिठ्ठी टाकून विषय काढतात, मग तीन परीक्षकांसमोर तो शिकवायचा. माझ्या चिठ्ठीत माझंच प्रमेय निघालं! मी दोन दिवस झोपून काढले. (स्वतःच्याच प्रमेयाची तयारी कसली करायची?)

फळा निम्मा भरला, तेव्हा मुख्य परीक्षक उर्सुलिनाबाई हळूच म्हणाल्या, "तिसऱ्या ओळीवरून चौथीवर कसे आलात, जरा सांगता?"

मी पाहिलं. येताच येत नव्हतं. नऊ वर्षं मी तिथून नुसती उडी मारत होतो. थाप जिभेवर आली होती, पण परीक्षकांच्या मागे ऐकायला आलेले माझे विद्यार्थी बसलेले. येत नसेल तर येत नाही म्हणा, असं त्यांना मीच बजावत आलोय.

"येत नाही," मी म्हणालो. "चूक आहे. माझीच."

बाईंनी उठून खडू घेतला. उरलेल्या दोघा परीक्षकांनी कोट काढले. तीन तास आम्ही चौघं फळ्याशी झटत होतो, परीक्षा कुणाच्या लक्षातही नव्हती. शेवटी आपली पाळी कधी हे विचारायला ग्रिसेल्दा आत आली, फळ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सर, टोकाचा बिंदू वगळला तर?"

वगळला. प्रमेय सुटलं. जागा तिला मिळाली. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण परीक्षक असतो तर मीही तिलाच निवडलं असतं.

तुझा,
एवारिस्तो

ता. क. नवं प्रमेय पाचही जणांच्या नावावर छापायचं ठरलंय. ते लिहून काढायला महिनाभर शांत जागा हवी. तुझ्याकडे तीन खोल्या रिकाम्या आहेत.

ता. क. २ उर्सुलिनाबाई मांस खात नाहीत. बाकीचे सगळं खातात, आणि भरपूर खातात.

ता. क. ३ टपालाचा संप आहे, म्हणून पत्र दाराखालून सरकवतोय. वाचून झालं असेल तर दार उघड. पाचही जण बाहेरच उभे आहोत.