आईच्या गाडीचा क्लच

३ मार्च, सोमवार

गाडी पुढून जॅकनं उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली. बॅटरी काढली, चाकं काढली, गिअरबॉक्समधलं ऑइल जुन्या घमेल्यात सोडलं. हात कोपरापर्यंत काळे.

ताईचा फोन. गॅरेजवाल्याकडे का नाही दिलीस? म्हटलं, येतं मला. दोन वर्षांपूर्वी एका टेंपोवाल्याकडे होतो, तिथं क्लच बदलताना पाहिलंय. "तू जे पाहतोस ते तुला येतं असं तुला वाटतं," ताई म्हणाली. खरंय तसं.

क्लच बसला की निघणार. गाडी आईची. आई गेली तेव्हा मी कुठंतरी बोटींना रंग लावत होतो, फोन बंद. पोचलो अठरा दिवसांनी. दोन दिवस राहून पुन्हा पळालो. त्याला आठ महिने झाले. आता आलोय तेही गाडीसाठीच. सुरू केली तर नुसती बोंबलते, जागची हलत नाही.

बाबा दिवसाला दोन शब्द बोलतात. सकाळी "चहा". झोपताना "दिवा".

४ मार्च

चाकांकडे जाणारे ॲक्सल निघाले. नंतर दिवसभर एक बोल्ट. एकच! निघाला नाही.

५ मार्च, बुधवार

निघाला! इंजिनाखाली फळी आणि जॅक लावला, गिअरबॉक्स हलवत हलवत बाजूला ओढला — आणि सुटला तो थेट छातीवर. वीसेक मिनिटं तसाच पडून. ओरडलो असतो तर बाबा आले असते. ओरडलो नाही. कुणीतरी अंगावर डोकं ठेवून झोपलंय असं वाटत होतं. खरं सांगायचं तर बरंही वाटलं थोडं.

क्लचची जुनी प्लेट घेऊन स्पेअरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं नाकाशी धरून वास घेतला. "कोण शिकत होतं हो हिच्यावर? भाजून काढलीय बिचारीला."

म्हटलं, आमची आई वीस वर्षं चालवत होती.

"मग ही आईंची करणी नाही."

६ मार्च

जेवताना विचारलं. बाबा ताटातून मान वर न करता —

"मी."

बाबा! ज्यांनी जन्मात सायकलसुद्धा धड चालवली नाही! चार महिने रोज सकाळी फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत आणि परत. परीक्षेत एकदा नापास, मग पास. उठून लायसन्स आणून दाखवलं. फोटोत घाबरलेले दिसतात.

"पण कशाला?"

"वीस वर्षं शेजारच्या सीटवर बसलो," म्हणाले. मग पाणी प्यायले. विषय संपला.

ही गाडी मी नेणार आहे हे त्यांना माहीत आहे.

७ मार्च

नवी प्लेट बसवली. मडगार्डच्या आत गांधीलमाश्यांचं छोटंसं पोळं सापडलं. किती सुबक करतात! अर्धं लक्ष तिकडेच. संध्याकाळपर्यंत गिअरबॉक्स जागेवर.

८ मार्च, शनिवार

राहिलं एकच. क्लचच्या नळीतली हवा काढणं. आणि हे एकट्याचं काम नाही. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं खालून नट सैल करायचा, हवा गेली की आवळायचा. वीट लावून पाहिली. झाडूचा दांडा लावून पाहिला. या अख्ख्या गल्लीत ज्याला हाक मारावी असा एक माणूस मला नाही. दुसऱ्या कुठल्या गल्लीत आहे म्हणा!

शेवटी बाबांना हाक मारली. आवाज भलताच निघाला. बरेच दिवस कुणाला हाक मारली नव्हती.

"दाबा."

"दाबलं."

"धरा… सोडा."

"सोडलं."

असं चाळीस वेळा. आठ महिन्यांचं बोलणं एका दुपारी झालं.

आणि गिअर पडेना! बसलो डोकं धरून. मग उमगलं. प्लेट मी उलटी बसवली होती. कुठली बाजू इंजिनाकडे ते तिच्यावर ढळढळीत छापलेलं असतं — मी गांधीलमाश्या बघत होतो. म्हणजे सगळं पुन्हा काढायचं.

खोलीत जाऊन सॅक भरली. मरू दे गाडी, बसनं जातो. बाहेर आलो तर बाबा अजून तसेच, पाय पेडलवर.

"दाबूनच ठेवू का?" म्हणाले.

सॅक खाली ठेवली.

९ मार्च

सकाळी गेलो तर गाडीखालून फक्त बाबांच्या चपला दिसत होत्या.

"बारा नंबरचा पाना दे."

"तेरा लागतो."

"मग तेरा दे. अक्कल नको देऊस."

या वेळी गिअरबॉक्स दोघांनी मिळून उतरवला. बाबांचा श्वास माझ्या कानाशी. आधी ठाऊक नव्हतं, ते काम करताना जीभ बाहेर काढतात. माझ्यासारखी.

१० मार्च

प्लेट बाबांनी तीनदा वाचली. मोठ्यानं.

११ मार्च, मंगळवार

गिअर पडला! लोण्यात सुरी जावी तसा. आधी मी फिरवली, मग बाबांनी. चौकात दोनदा बंद पाडली. मागचा हॉर्नवर बसला, तर यांनी काच खाली करून ओरडून सांगितलं — "शिकतोय!" मी हसून हसून आडवा.

परत आल्यावर सांगितलं, उद्या निघतो. गाडी नेतो.

"हं," म्हणाले. ते बादली घेऊन काच पुसायला लागले. टायरमधली हवा पाहिली. डिकी झाडली. म्हटलं, माझ्यासाठी एवढं करतायत. मदतीला गेलो नाही.

१२ मार्च

उठलो तर गाडी नाही. टेबलावर चिठ्ठी. "समुद्रापर्यंत जाऊन येतो. दूध एकच पिशवी घे."

फाटक सताड उघडं होतं. जाऊन लावलं. मग परत उघडून ठेवलं — त्यांना रिव्हर्स अजून नीट जमत नाही.