बारा फेब्रुवारीचं पान

एकलहरे कॉलनी, नाशिक
१६ फेब्रुवारी १९८१

ती. सौ. सिंधुताईस,

धाकट्या चंदरचा प्रेमाचा सलाम. जयरामदाजींनाही सलाम सांग. हरसूलला अजून थंडी असेल, तुझा खोकला कसा आहे? इकडे आम्ही दोघं बापलेक ठीक आहोत. लता पहिल्या बाळंतपणाला चांदवडला माहेरी गेली आहे, त्यामुळे स्वयंपाक मी करतो, तरीही ठीक आहोत. पत्रास विशेष कारण नाही.

बाबांचं ते रोजच्या मननाचं पुस्तक तू विसरली नसशील. दर तारखेला एक पान, वर बायबलचं वचन, खाली थोडा विचार आणि शेवटी 'आज काय करावे'. (एकदा 'आज मौन पाळा' असं आलं, तेव्हा दूधवाला दारात ओरडून निघून गेला आणि आपण सगळे कोरा चहा प्यालो.) आता बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, म्हणून रोज सकाळी लता त्यांना पान वाचून दाखवायची. ती गेली आणि हे काम माझ्याकडे आलं. पुस्तकाची पानं सुटली होती, म्हणून लता यायच्या आत बाइंडिंग करून आणावं असा शहाणपणा मला सुचला. पिशवीत घातलं, बसमध्ये बसलो, मेन रोडला उतरलो. पिशवी उतरली नाही. डेपोत तीन चकरा मारल्या. बाबांना सांगायची छाती होईना. (ज्या पुस्तकात आईच्या मृत्यूची तारीख त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिली होती, ते मी बसमध्ये विसरलो, हे कसं सांगू?) दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा अंघोळ करून खुर्चीत बसले, तेव्हा मी तेवढ्याच जाडीचं रेल्वेचं टाइमटेबल हातात धरलं आणि मनानंच रचून वाचायला लागलो.

ताई, पहिले दोन दिवस मी भीतीनं फार पवित्र वाचलं. मग मात्र चटक लागली. रात्रपाळीहून आलेल्या मुलाला दहापर्यंत उठवू नये, असं एक पान आलं. अळणी अन्न आनंदाने ग्रहण करावे, असं दुसरं आलं, आणि बाबांनी माझी दुधी भोपळ्याची भाजी डोळे मिटून, आभार मानून खाल्ली. तिसऱ्या पानात मी तपकीर सोडायला लावली. तर त्यांनी खरंच डबी माझ्या हातात दिली आणि तीन दिवस नुसते नाक चोळत बसले. मला बघवेना. चौथ्या दिवशी 'वृद्धांना थोडी तपकीर क्षम्य आहे' असं वाचून डबी परत केली.

शेजारच्या वत्सलाबाई (बौद्ध आहेत, पण बाबांचं मनन त्यांना आवडतं) एकदा ऐकायला आल्या आणि त्यांना टाइमटेबल दिसलं. बाहेर आल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, उद्या सासूबाईंना घेऊन येते. सुनेला टाकून बोलू नये, असं काही निघतं का बघा." निघालं. सासूबाई दोन दिवस गप्प होत्या म्हणे.

बारा तारखेला मात्र माझ्याकडे काहीच तयार नव्हतं. आदल्या दिवशी हरसूलकडचा एक माणूस भेटला होता आणि तू आजारी होतीस असं म्हणाला होता. तेच डोक्यात होतं. तोंडातून निघून गेलं की एका माणसाची लेक डोंगरातल्या गावी राहते. तिनं आपल्या मनानं दुसऱ्या धर्मातल्या मास्तरशी लग्न केलं, म्हणून बापानं दार लावलं. सहा वर्षं झाली. बापाला वाटतं लेक येत नाही, पण कडी तर आतून आहे. (तेव्हा मीही शेजारी उभा राहून खाली चपलांकडे बघत होतो, हे मी वाचलं नाही. ते तुला इथे लिहितो.)

बाबांनी तपकिरीची डबी मिटली. मग म्हणाले, "चंदर, आज बारा ना? बाराला माशाच्या पोटात गेलेल्या योनाचं पान असतं. तीस वर्षं वाचतोय मी, पाठ आहे ते."

मी म्हटलं, "मग पहिल्या दिवशीच का बोलला नाहीत?"

"किती वर्षांनी तू माझ्याजवळ रोज अर्धा तास बसायला लागला होतास," ते म्हणाले. "बोललो असतो तर उठून गेला असतास."

पुस्तक हरवल्याचं मी रडत सांगितलं. त्यांनी खांदा चाचपून हात ठेवला आणि म्हणाले, "ते शेवटचं, कडीचं, परत म्हण."

असो. बाकी सर्व क्षेम.

तुझा भाऊ,
चंदर

ता. क. मोतीबिंदू पिकलाय असं डॉक्टर म्हणाले. एका डोळ्याचं ऑपरेशन सव्वीस तारखेला आहे. पट्टी सोडतील तेव्हा समोर कोण कोण असणार, असं बाबांनी कालपासून तीनदा विचारलं. मी म्हटलं, मी असेन, आणि बाळाला घेऊन तोवर आली तर लता. ते म्हणाले, "आणखी?"

ता. क. दुसरा. वरचं सगळं आत्ता त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "एवढं लांबण कशाला लावलंस? लिही, सिंधू, ये. जावयांना घेऊन ये." 'जावयांना' हा शब्द त्यांचाच आहे, ताई. मी पदरचा घातलेला नाही.