पाच फुटाला सहा सूत कमी

बाबा, तुमच्या नातीची उंची भरली! वनरक्षकाच्या भरतीत, आज सकाळी, गडचिरोलीच्या मैदानावर. मी कुंपणाबाहेर उभी होते. मोजणाऱ्या बाईंनी आकडा पुकारला, "एकशे पन्नास पॉइंट पाच," आणि आपली पोरगी तिथूनच ओरडली, "आई, भरली वो!" मी शेजारच्या अनोळखी बाईला मिठीच मारली. धावणं अजून बाकी आहे, पण धावायला लागली की ती कुणाच्या बापाला ऐकत नाही.

नाचता नाचता मी एकदम थांबले. आम्ही मायलेकी सारख्याच उंचीच्या, तसूभरही फरक नाही. एकमेकींचे ड्रेस घालतो. मग तेव्हा, मी तिच्या वयाची असताना, माझीच उंची कशी कमी पडली?

कुरखेड्याला तुमच्या सुतारकामाच्या पडवीत मी नव्या चौकटीला टेकून उभी आहे. वनरक्षकाच्याच जाहिरातीत दीडशे सेंटीमीटर लिहिलंय, आणि तुमचं सगळं जग फूट, इंच आणि सुतात. तुम्ही माझी शाळेची पट्टी घेता, एका फुटाला तीस सेंटीमीटर धरता आणि पाचानं गुणता. "दीडशे म्हंजे पाच फूट. तू सहा सूत कमी हायेस, बाई." सहा सूत, म्हणजे पाऊण इंच. "तिथी जाऊन हसं करून घेऊ नोको." मी रडायला लागले तसे तुम्ही रंधा ठेवलात आणि चौकातून गरम भजी घेऊन आलात. मी भरतीला गेलेच नाही.

येताना बसमध्ये तुमच्या नातीला हे सांगितलं, तर ती कपाळावर हात मारून म्हणाली, "अवो आई, फूट तिसाचा नसते, साडेतिसाचा ऱ्हायते. पाच फूट म्हंजे एकशे बावन्नच्या वर! सहा सूत गेले तरी दीडशेच्या वरच! तू तं तवाच भरत होती!"

राग आला, बाबा. खूप आला. ज्यांच्या चौकटीत दार कधी अडकलं नाही, ते लेकीच्या मापात चुकले! तुम्ही समोर असता तर भांडले असते, आणि मग दोघं मिळून हिच्यासाठी पेढे आणायला गेलो असतो. हे तुम्हाला पोचायचं नाही, म्हणूनच एक गोष्ट सांगते, हिलाही सांगितलेली नाही. घरी आल्यावर दार लावून मी भिंतीला पाठ टेकली, डोक्यावर पट्टी धरून रेघ ओढली आणि टेप लावला.

अजून भरते मी, बाबा.