भाऊजींची झडती

धामणवाडी,
ता. १५ ऑगस्ट १९६४

चि. महादेव यास सत्यभामाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

इकडे सारे खुशाल. शेगावी दर्शनाले गेलेले लोक सांगतात, तुह्या खानावळीच्या भाजीत पाणीच जास्त. जरा लाज धर. मी सांगतो अन् शाली लिहून राह्यली, म्हणून अक्षर चांगलं दिसते.

गावात एकच भांडण चालू आहे. जिल्हा परिषद म्हणते, गावानं जागा अन् भिंती द्या, आम्ही टिनं अन् मास्तर देतो, सातवीपर्यंत शाळा होईल. सरपंच हिंमतराव म्हणतात, पंचायतीची तिजोरी रिकामी, वरून उसनवारी झाली. अन् त्याच रिकाम्या तिजोरीतून बापाच्या नावाची दगडी वेस बांधाले दगड येऊन पडले. तुह्ये भाऊजी पंच. त्याईनंही शाळा नको म्हणून हात वर केला.

शालीची चवथी झाली. पुढची शाळा नाही, तर पोरीले घरात ठेवून काय लोणचं घालाचं, असं ह्यांचं म्हणणं. बीबी गावचे पाहुणे तिले पाहून गेले. मले रात्रंदिवस रडू येते रे. काही तरी कर.

पोळा आला. ह्यांच्यासाठी दरसालसारख्या झडतीच्या चार ओळी लिहून पाठव. तोरणाखाली बैल उभे करून लोकाईवर ओळी बोंबलाची मोठी हौस, पण डोक्यात एक ओळ येत नाही. आपल्या गावात झडतीले उत्तर मिळाल्याशिवाय तोरण तुटत नाही अन् बैल सुटत नाहीत, हे तर तुले ठाऊकच आहे.

तुही ताई,
सत्यभामा

शेगाव,
ता. २३ ऑगस्ट १९६४

ती. ताईस महादेवचा शि. सा. न. वि. वि.

त्याले पाणी नाही, रस्सा म्हणतात.

झडती खाली लिहिली आहे. भाऊजींना वाचता येत नाही, हे देवाचे उपकार. शालीनं घोकून घ्यावी अन् सांगावं, हे सारं हिंमतरावावर आहे. हिंमतरावाची फजिती म्हटली की भाऊजी पुढचं काही विचारत नाहीत, हे मी तुह्या लग्नापासून पाहून राह्यलो.

वेशीले दगड, शाळेले माती,
पोरं बसली मारोतीच्या पाठी,
पंच म्हणती तिजोरी रिती,
मग वेशीले दगड कुठून येती?

भाऊजींचा राग उतरेपर्यंत मी काही तिकडं येत नाही. पोळीवरचं तूप मात्र आठवणीनं पाठव.

तुहा,
महादेव

धामणवाडी,
ता. ८ सप्टेंबर १९६४

चि. महादेव यास आशीर्वाद वि. वि.

ह्यांनी फेटा सावरून अशी झडती फेकली की सोनाळ्यापर्यंत ऐकू गेली असंल. लोक हासून हासून बेजार. हिंमतरावाले उत्तर सुचेना, बैल ताटकळले. तेवढ्यात म्हातारे तुळशीराम काका ह्यांले म्हणाले की शंकरराव, तिजोरी रिती म्हणून हात वर करणाऱ्यात तुम्हीही होते ना. ह्यांचं तोंड पाहाले तू पाहिजे होता.

हिंमतरावानं तिथंच धरलं. म्हणाले, वेशीचे दगड शाळेले दिले, आता जागा शंकररावानं द्यावी. झडतीले उत्तर झालं. साऱ्या गावादेखत नाही म्हणाची सोय राह्यली नाही. पांदणीजवळचा आपला गोठा शाळेले गेला अन् तोरण तुटलं.

घरी येऊन ह्यांनी तुह्या नावानं ज्या शिव्या दिल्या, त्या पोरीच्या हातानं लिहून घेत नाही. पुरणपोळीही उष्टी टाकली. आज सकाळी मात्र शालीले हाक मारून बीबीले कार्ड लिहाले लावलं, की सोयरीक आत्ता नको. मले वाटलं, बापाले माया आली. विचारलं तर म्हणतात, शाळा माह्या जागेत अन् माहीच पोर चुलीपाशी, मग पुढल्या पोळ्याले लोक कोणावर झडती म्हणतील?

तूप पाठवलं आहे. माया असू दे, अन् रस्सा घट्ट कर.

सत्यभामा

ता. क. मामा, कार्ड मीच लिहिलं. ‘नको’ मोठ्या अक्षरात काढलं. — शालू