अकरा तासांचं रेकॉर्डिंग

३ जून
एमए आणि पीएचडी एकत्र करायच्या कोर्सला प्रवेश मिळाला. भाषा आणि संस्कृती विभाग. लोक आधी एक करतात, मग धापा टाकत दुसरं. मी दोन्ही एकदम उरकणार. अट एकच : मार्चमध्ये समितीपुढे काम मांडायचं. पसंत पडलं तर पीएचडी, नाहीतर एमएचा कागद घेऊन घरी. अट अर्थात बाकीच्यांसाठी आहे. ताईला फोन केला. नोकरी सोडलीस की काय, एवढंच विचारलं तिनं. छत्तिसाव्या वर्षी हिंमत दाखवली, त्याचं कौतुक शून्य.

२१ जून
गाइड बाईंना पन्नास मिनिटं माझी योजना समजावली. त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. भारावल्या असणार. वर्गात एक मुलगी आहे, सगळं ऐकून घेते आणि शेवटी एकच प्रश्न विचारते. बाई तिच्यावर खूश. मी तिचं नाव शहाणी ठेवलंय.

९ जुलै
विषय पक्का : मिठागरातल्या कामगारांची बोली. ती धड बोलणारी एकच म्हातारी उरलीय. वय ब्याऐंशी. म्हणजे घाई केली पाहिजे. उद्यापासून पहाटे पाचला उठून वाचन.

१० जुलै, सकाळी ११
आत्ताच उठलो. शरीरावर जबरदस्ती करून ज्ञान मिळत नाही. सोमवारपासून.

५ ऑगस्ट
म्हातारीकडे पहिली बैठक. एका खोलीचं घर, दारामागे मीठ ओढायची लाकडी फळी. तिच्याच बोलीचा इतिहास तिला सांगत होतो, तर ही खिडकीबाहेर बघतेय! मध्येच एक शब्द सांगू लागली, पण चुकीचा. पुस्तकात वेगळा दिलाय. पान उघडून दाखवलं. मग गप्प बसली. रेकॉर्डिंग एकदम स्वच्छ.

१७ सप्टेंबर
चौथी बैठक. दार उघडायलाच वीस मिनिटं. आत रेडिओ चालू. बंद करा म्हटलं, तर म्हणते, राहू दे बाबा, तो निदान बंद तरी करता येतो. अडाणी आणि वर उद्धट. विज्ञानासाठी सहन करतोय.

२ डिसेंबर
विश्वासघात! शहाणीही म्हातारीकडे जाते. दोघी भाजी निवडत बसतात म्हणे. मिठाच्या वरच्या पापुद्र्याला सात वेगवेगळे शब्द मिळाले तिला. मला एकही नाही. लबाड म्हातारी! बाईंकडे चार पानी तक्रार दिली. बाई म्हणाल्या, तुम्हीही भाजी निवडा. हा संशोधकाचा अपमान आहे. या विभागात सगळ्यांचं माझ्याविरुद्ध साटंलोटं आहे.

११ फेब्रुवारी
अकरा तासांचं रेकॉर्डिंग झालं. आता त्यातला शब्दन् शब्द कागदावर उतरवायचा. हे कारकुनी काम शहाणीच्या गळ्यात मारलं. एका झटक्यात हो म्हणाली. माझ्यावर जळते, पण उपयोगी आहे.

२ मार्च
उद्या समिती. शहाणीनं कागद आणून दिले आणि म्हणाली, एकदा वाचून घे, प्लीज. वाचायचं काय त्यात? मी होतोच की तिथे.

३ मार्च, दुपारी
समितीचा पहिलाच प्रश्न : यात आजी कुठे आहेत? अकरा तासांत म्हातारी सत्तावीस मिनिटं बोललीय. त्यातही निम्मं ‘हं’, ‘बरं’ आणि ‘झालं का?’. बाकी सगळा मी. मी म्हणालो, पार्श्वभूमी सांगणं गरजेचं होतं. मग ती समितीला अर्धा तास सांगितली. बाईंनी डोळे मिटून घेतले.
एमए. फक्त एमए. जिन्यात बसलोय. ताईला काय सांगू? फार लाज वाटतेय.

१४ मार्च
शहाणी घरी आली. तिनं पीएचडीचा विषय बदललाय : मुलाखत घेणारे समोरच्याला गप्प कसं करतात. त्यासाठी माझी अकरा तासांची रेकॉर्डिंग्ज हवीत. हाकलून देणार होतो. पण फॉर्म छापील होता. ‘माहिती देणारी व्यक्ती, क्रमांक एक’ यापुढे माझं नाव, वय, मातृभाषा. सही केली.
निघताना तिनं विचारलं, तुला स्वतःला काही सांगायचंय का? मी ऐकते. आणि खरोखर समोर बसून राहिली. दहा मिनिटं. मला एक अक्षर सुचलं नाही.