अक्काताईंना मी थांबा म्हणालो होतो

कसबा बावडा. श्रावणातला मंगळवार, संध्याकाळ.

आज दादा कागद घेऊन आला. नदीकडचं आमचं रान भराव टाकून प्लॉटसाठी विकायचं, माझी सही हवी. मी म्हटलं, पाऊस आता पहिल्यासारखा राहिलेला नाही, भराव टाकला तर पुराचं पाणी शेजारच्या वस्तीत शिरेल. तो उखडला. "शिरंल म्हणं! खात्री हाय का तुला?"

खात्री. त्या पुराच्या वर्षी शेजारच्या अक्काताईंना मीही हेच विचारलं होतं. म्हातारी गाठोडं बांधून दारात उभी होती. "ह्या खेपंला लक्षण बरं न्हाय, बाळा." मी भिंतीवरची जुन्या पुराची रेघ दाखवली. हिच्या वर पाणी कधी आलेलं नाही, थांबा म्हटलं. त्या थांबल्या. पाणी रेघेच्या वर गेलं. मी माडीवर चढलो. त्यांच्या घराला माडी नव्हती. तिसऱ्या दिवशी त्या सापडल्या.

रेघ खोटी नव्हती. ती जुन्या पावसाची होती, एवढंच. पण मी ती इतक्या ठामपणे का दाखवली? चुकलो तर माझं काय जाणार होतं?

दादाला म्हटलं, "खात्री न्हाय. म्हणूनच सही करणार न्हाय."

"तू एकटा थांबून पूर थांबणार हाय व्हय?"

"न्हाय. पण माझ्या हातनं परत कोण बुडाय नको."

तो चहा न घेताच गेला. आत्ता वहिनींचा फोन आला, यंदा गणपतीला येऊ नका म्हणून. मी बरं म्हटलं.