अर्धी ऊब

१२ डिसेंबर, शुक्रवार

वॉर्मर आजही धड तापला नाही. आमच्या आरोग्य केंद्राच्या बाळंतपणाच्या खोलीतलं ते एकमेव नवं यंत्र. नव्या बाळाला ऊब द्यायची, एवढंच त्याचं काम. तिसरा अर्ज जिल्ह्याला पाठवला. आधीच्या दोन्हींना एकच उत्तर आलं होतं – 'यंत्र सदोष असल्यास परत पाठवावे.' बदल्यात दुसरं मिळेल की नाही, याबद्दल चकार शब्द नाही.

१३ डिसेंबर

सकाळी सहाला अंजना बाळंत झाली. मुलगी. एक किलो आठशे.

वॉर्मरखाली ठेवली, पण पाय गारच. अंजनाची सासू दगडाबाई – मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून आलेली, कर्नाटक हद्दीजवळच्या वाडीतली – तिने वॉर्मरच्या दिव्याखाली तळवा धरला आणि म्हणाली, "बिसी इल्ला."

गरम नाही. तीन अर्जांत मला जे पटवता आलं नाही, ते बाईने दोन शब्दांत सांगितलं.

मुलीला अंजनाच्या उघड्या छातीवर दिलं, वरून दगडाबाईचं घोंगडं. मी उगाच घोंगडं सारखं करत राहिले. ॲम्ब्युलन्स यायला दीड तास. तोवर पाय कोमट झाले. दोघी तशाच, घोंगड्यासकट, मोठ्या दवाखान्यात पाठवल्या.

सरकारी यंत्र हरलं, मेंढीची लोकर जिंकली. रजिस्टरमध्ये लोकरीसाठी रकाना नाही.

१४ डिसेंबर

फोन नाही. जेवण गेलं नाही.

१५ डिसेंबर

दगडाबाईचा फोन आला. मुलगी दूध ओढतेय!

डॉक्टर वीरधवल सरांना वॉर्मरचं पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, द्या पाठवून परत. पाठवलं की सहा महिने खोली रिकामी, हे मला ठाऊक. म्हणून मीच स्टँडजवळच्या मोहिद्दीनचाचांना बोलावलं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरतात, म्हणजे आत नवी तार गुंडाळतात. तालुक्यातल्या निम्म्या मोटारी त्यांच्या हातच्या.

१६ डिसेंबर

चाचा सकाळी सातलाच आले. मीटर लावला. व्होल्टेज १७०. करंट १.९ अँपिअर. म्हणाले, "आता गणित तुमी करा शिस्टर. आमचं काम हाताचं."

दहावीला याच गणिताने मला रडवलं होतं. व्होल्टला अँपिअरने भागायचं की गुणायचं, तिथेच गाडी अडायची. चाचा म्हणाले, दोन्ही करायचं. भागलं की रोध, गुणलं की पॉवर.

भागलं – साडेएकोणनव्वद ओहम. यंत्राच्या पाठीवर छापलंय २३० व्होल्ट, ६०० वॅट. त्यावरून रोध येतो अठ्ठ्याऐंशी. म्हणजे जवळपास तेवढाच. यंत्र धडधाकट!

गुणलं – ३२३ वॅट. सहाशे हवेत. जेमतेम अर्धी ऊब.

तीन अर्जांत मी एका निर्दोष यंत्राची बदनामी केली.

१७ डिसेंबर

मग बाकीची वीज जाते कुठे? चाचांनी बाहेरच्या मीटरपेटीशी मोजलं – २१५. खोलीत १७०. पंचेचाळीस व्होल्ट मधल्या भिंतीत गडप. त्याच वायरवर सरांच्या क्वार्टरचा गीझर; दोन्ही मिळून ८.३ अँपिअर. मी न विचारता पंचेचाळीसला ८.३ ने गुणलं – ३७३ वॅट.

दोनदा तपासला. बाळाला ३२३ आणि भिंतीला ३७३. आमच्या आरोग्य केंद्रात भिंतीची काळजी जास्त घेतली जाते.

गीझर बंद केल्यावर खोलीत २०२ झाले. सकाळी सहाला सर आंघोळीची तयारी करतात. अंजनाही सहालाच बाळंत झाली. हे लिहिताना पेन अडलं.

१८ डिसेंबर

आकड्यांचा कागद सरांच्या टेबलावर ठेवला. ते म्हणाले, सिस्टर, हे तुमचं काम नाही. मी म्हटलं, सर, भिंतीला हात लावून बघा.

लावला. भिंत गरम होती. जाऊन गीझरचं बटण बंद केलं आणि त्यावर चिकटपट्टी मारली.

१९ डिसेंबर

चाचांनी भिंत फोडली. आत बारीक वायर, आणि मधोमध एक पिळून मारलेला जोड – काळा, जळका. आणखी काही दिवसांत पेटलाच असता, असं ते म्हणाले. माझा तोल गेला. हा जोड मारणाऱ्याला याच खोलीत उघडं झोपवायला हवं, असं काहीबाही बोलले. चाचा मान खाली घालून नवी जाड वायर ओढत राहिले.

संध्याकाळपर्यंत काम झालं. खोलीत २१३ व्होल्ट. दिव्याखाली हात धरवेना. घोटभर चहा प्या म्हटलं, तर चाचा थांबले नाहीत.

२० डिसेंबर

अर्जाचं उत्तर आलं. यंत्राचं नाही, भिंतीचं! सरांनी माझ्या कागदाचा फोटो वर पाठवला होता. वायरिंगबाबत चौकशी अहवाल द्या. सोबत छापील नमुना. शेवटचा रकाना – 'दोषास जबाबदार व्यक्तीचे नाव.'

वायरिंग झालं त्या काळचा ठेकेदार कोण होता, ते आता कुणालाच आठवत नाही. नमुना खिडकीपाशीच भरायला घेतला होता. चाचा हत्यारं न्यायला आले, तेव्हा त्यांनी तो पाहिला असावा.

२१ डिसेंबर, रविवार

मोहिद्दीनचाचा घरी आले. बसले नाहीत. म्हणाले, "त्यो जोड माझ्या हातचा हाय शिस्टर. सतरा वर्सं झाली. वायर कमी पडली हुती. पयल्या दिवशी मीटर लावला, तवाच वळखलं. माझं नाव लिवा."

रकाना अजून कोरा आहे.